पिशवीचा कोपरा जातो कुठे?



आम्ही मुंबईत मुलुंड-भांडुपच्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करतो. आमच्या गटातल्या बहुतेक जणी मूळच्या तुमच्याच भागातल्या. कुणाचं माहेर साताऱ्याकडे, कुणाचं सासर कोकणात. त्यामुळे मुंबईत राहिलो तरी पेरणी कधी झाली, विहिरीला पाणी किती आहे, हे रोज फोनवर कळत असतं.

मागच्या उन्हाळ्यात गटातल्या एका ताईंना गावाहून भावाचा फोन आला. "अक्का, शहरातून खताच्या ट्रॉल्या येतायत. शेणखताच्या निम्म्या भावात देतो म्हणतात. कचऱ्यापासून बनवलेलं आहे. घेऊ का?"

ताईंनी आम्हाला विचारलं. पण या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी आम्हाला आमचीच एक चूक तुम्हाला सांगायला हवी.

आमची तुळशीची रोपं

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने रोपं विकायचं ठरवलं. चाळीच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. तुळस, कढीपत्ता, मिरची, गवती चहा. मातीत घालायला खत हवं होतं. एकाकडे स्वस्तात मिळालं म्हणून चार गोणी उचलल्या. काळंभोर, भुसभुशीत, वासही नाही. आम्ही खूश. तुळशीच्या चाळीस कुंड्या विकल्याही.

पहिला मोठा पाऊस झाला आणि कुंडीतली वरची माती धुऊन गेली. तेव्हा दिसलं की मातीत काहीतरी चमकतंय. चांदीच्या वर्खासारखे बारीक तुकडे, निळे-हिरवे धागे, पांढरे पापुद्रे. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी आपली कुंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बायांनो, तुळशीच्या मुळाशी प्लास्टिक? रोज पाणी घालते मी हिला."

आम्हाला मान वर करता येईना. आजींचे पैसे परत दिले. ज्यांची घरं माहीत होती त्या सगळ्यांकडे जाऊन कुंड्या परत आणल्या. त्या हंगामाचा नफा तर गेलाच, वर गटाच्या खात्यातून भर घालावी लागली. पण त्या दिवसापासून आम्ही विचारायला लागलो की हे तुकडे खतात आले कुठून? आणि जे आपल्याला दिसतही नाहीत, ते आणखी कुठे कुठे गेले असतील? त्याचं उत्तर आमच्या घराजवळच होतं.

हरिओमनगरच्या शेजारचा डोंगर

पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाण्याकडे निघालं की मुलुंडला हरिओमनगरजवळ एक डोंगर लागतो. तो देवाने केलेला नाही, आपण केलेला आहे. ही मुलुंडची क्षेपणभूमी, म्हणजे आपल्या बोलीत डम्पिंग ग्राउंड. २४ हेक्टर जागा. सुमारे पन्नास वर्षं इथे मुंबईचा कचरा येऊन पडत होता. १ ऑक्टोबर २०१८ ला तिथे कचरा टाकणं बंद झालं. तोवर जवळजवळ ७० लाख टन कचरा साठला होता.

मुंबईत असे डोंगर आणखी आहेत. घाटकोपरहून मानखुर्दकडे जाताना देवनार लागतं, तिथे १९२७ पासून कचरा पडतोय. बोरिवलीला खाडीकाठी गोराईची क्षेपणभूमी होती. ती २००७ मध्ये बंद केली आणि नंतर ढिगावर आवरण घालून, माती टाकून, गवत लावून झाकली. आता शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो. तिथे तळाला जाड आवरण अंथरून त्यावर कचरा रचतात. मुलुंड आणि देवनारच्या तळाला असं काही नव्हतं. खाली सरळ जमीन आणि शेजारी ठाण्याची खाडी.

आता डोंगरावर पाऊस पडला की काय होतं बघा. तुमच्या उकिरड्यावर पावसाळ्यात पाणी पडलं की खालून तपकिरी, चहासारखं पाणी वाहतं ना? अगदी तसंच. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपून जे काळं, उग्र वासाचं पाणी बाहेर येतं त्याला लिचेट म्हणतात. आपण त्याला कचऱ्याचं पाणी म्हणू.

ते किती असेल? साधा हिशेब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. म्हणजे मुलुंडच्या २४ हेक्टरवर एका पावसाळ्यात ४८ कोटी लिटरहून जास्त पाणी पडतं. त्यातलं काही वरच्यावर वाहून जातं, काही वाफ होऊन उडतं. उरलेलं आत शिरतं आणि कचऱ्याचा अर्क घेऊन बाहेर पडतं.

या अर्कात कुजलेल्या अन्नाचा अंश असतो, अमोनिया असतो, बॅटऱ्या-रंगांमधून आलेले धातू असतात. हे पूर्वीपासून माहीत होतं. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक नाव आलं, ते म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक.

प्लास्टिकचं पीठ

प्लास्टिक कुजत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण कुजत नाही म्हणजे आहे तसंच राहतं, असं नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आठवा. दोन-तीन उन्हाळे खाल्ले की तिला हात लावला तरी पांढरी पूड निघते. अंगणात पडलेली जुनी बादली पायाखाली आली की तिच्या कपच्या उडतात. शेतातला मल्चिंग पेपर दुसऱ्या वर्षी ओढायला गेलं तर हातात तुकडेच येतात. प्लास्टिक कुजत नाही, पण दळलं जातं. दाण्याचं पीठ व्हावं तसं.

कचऱ्याच्या डोंगरात हेच घडतं. आधी उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. मग वरून बुलडोझर फिरतात, त्यांचा दाब. आत कचरा कुजताना उष्णता तयार होते, उन्हाळ्यात शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर चटका बसतो तशी. त्यात आंबट पाणी. वर्षानुवर्षं हे चाललं की पिशवीचे तुकडे, तुकड्यांचे कण आणि कणांची पूड होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. पाच मिलिमीटर म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. तिथपासून ते डोळ्याला न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळं यात आलं.

चीनमध्ये शांघायच्या तोंगजी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा कचराभूमींचं पाणी तपासलं. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. प्रत्येक नमुन्यात प्लास्टिकचे कण सापडले. कुठे लिटरला एकही पुरता नाही, तर कुठे लिटरला जवळजवळ पंचवीस. सगळ्यात जास्त दोन जातींचे होते. एक, पिशव्या बनतात ते पॉलिथिन. दुसरं, गोणी, सुतळ्या आणि डबे बनतात ते पॉलिप्रॉपिलिन. शंभरातले नव्याण्णव कण मोठ्या प्लास्टिकचे तुकडे होऊन तयार झालेले होते. ते कुणी कण म्हणून टाकलेले नव्हते. आपण टाकली होती ती पिशवीच.

आणि त्या सहापैकी दोन कचराभूमी बंद झालेल्या होत्या. तरीही त्यांच्या पाण्यात कण होते. आमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण मुलुंडला फाटक लागलं तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. आम्हाला वाटलं, सुटलो. पण कचरा टाकणं थांबलं म्हणून आतलं दळण थांबत नाही.

पाणी साफ करता येतं का?

येतं. कांजूरमार्गसारख्या ठिकाणी कचऱ्याचं पाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया करतात. अशा प्रकल्पात काय काय करतात ते समजून घेऊ. त्यातलं बरंचसं तुम्ही घरी करतच असता.

पहिली पायरी, गाळणं आणि निवळणं. पाणी मोठ्या हौदात घेतात. जाळीत मोठे तुकडे अडकतात. मग तुरटीसारखं रसायन टाकतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो, तेव्हा काय होतं? बारीक माती एकमेकीला चिकटते, जड होते आणि तळाला बसते. प्लास्टिकचे कणही त्या गाठींमध्ये अडकून खाली बसतात. सगळे नाही, पण बरेच.

दुसरी पायरी, जिवाणूंची. हौदात हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते पाण्यातली कुजकी घाण खातात. प्लास्टिक काही ते खात नाहीत. पण जिवाणूंचे चिकट पुंजके तयार होतात आणि कण त्यांना चिकटून गाळात जातात.

तिसरी पायरी, बारीक चाळण. ही चाळण इतकी बारीक असते की तिची छिद्रं डोळ्यांनी दिसत नाहीत, केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान. हल्ली बऱ्याच प्रकल्पांत जिवाणूंचा हौद आणि ही चाळण एकत्रच असते. प्लास्टिकचे बहुतेक कण इथे अडतात.

चौथी पायरी तुम्हाला माहीत आहे, आरओ. गावात पाच रुपये टाकून जारभर पाणी मिळतं, त्या यंत्राचाच हा मोठा भाऊ. यातून प्लास्टिकचा कण पार होणं फार कठीण.

म्हणजे प्रश्न सुटला? आम्हालाही वाटलं, सुटला. पण घरच्या आरओला दोन नळ्या असतात हे लक्षात घ्या. एका नळीतून चांगलं पाणी येतं, दुसरीतून टाकाऊ पाणी मोरीत जातं. प्रकल्पातही तसंच. चांगलं पाणी एकीकडे. आणि तुरटीचा गाळ, जिवाणूंचा गाळ, चाळण धुतलेलं पाणी, आरओचं टाकाऊ पाणी हे सगळं दुसरीकडे. पाण्यातून काढलेलं प्लास्टिक या दुसऱ्या बाजूला असतं. ते नाहीसं झालेलं नसतं. पीठ चाळलं की कोंडा चाळणीत राहतो. तो कुठेतरी टाकावाच लागतो.

तो गाळ मग कुठे जातो? बहुतेक ठिकाणी परत कचऱ्याच्याच डोंगरावर. पुढच्या पावसात तोच गाळ पुन्हा भिजतो आणि फेरा पुन्हा सुरू. गाळ वाळवून जाळला तर राख आणि धूर यांचा बंदोबस्त करावा लागतो. आणि तो खत म्हणून शेतात गेला, तर पाण्यातून काढलेलं प्लास्टिक आपण आपल्या हाताने जमिनीत पेरलं म्हणायचं.

दुसरी एक गोष्ट. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांमध्ये कचऱ्याचं पाणी बाहेर सोडण्यासाठी मर्यादांचा तक्ता होता. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अमोनिया किती, शिसं किती, पारा किती, सगळं लिहिलं होतं. प्लास्टिकच्या कणांसाठी त्यात ओळ नव्हती. तरंगत्या गाळाचं वजन होतं, पण त्यातली माती किती आणि प्लास्टिक किती, हे कुणी वेगळं मोजत नाही. जे मोजायचंच नाही ते काढलं की नाही हे कोण विचारणार?

या प्रकल्पांना आमची नावं ठेवायची इच्छा नाही. कचऱ्याचं पाणी तसंच खाडीत सोडण्यापेक्षा ते साफ करणं हजारपट चांगलं. ठाण्याच्या खाडीवर आमच्या भागातल्या कोळणींची चूल चालते. तिथे दरवर्षी रोहित पक्षी येतात. या खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान मिळाला. तिथे एक हौद पाणी कमी घाण गेलं तरी फायदाच. पण प्रकल्प आहे म्हणजे आपण काहीही टाकलं तरी चालेल, असं कुणी समजू नये.

मग तो डोंगर उपसला तर?

मुलुंडला तेच काम हाती घेतलं गेलं. जुना कचरा खणायचा, वाळवायचा आणि मोठ्या फिरत्या चाळण्यांमधून काढायचा. प्लास्टिक, चिंध्या, लाकूड एकीकडे, ते सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. दगड-विटा एकीकडे. आणि चाळणीखाली पडते ती काळी, बारीक माती. सहा वर्षांचं काम ठरलं होतं, पण मुदत वाढवावी लागली. ७० लाख टन म्हणजे तोंडची गोष्ट नाही.

आता तुम्हीच सांगा, चाळणीखाली काय पडतं? जे चाळणीच्या छिद्रापेक्षा लहान असेल ते सगळं. मातीही पडते आणि प्लास्टिकचं पीठही पडतं. ही माती खड्डे बुजवायला, सखल जागेचा भराव करायला ठीक. पण ती दिसायला खतासारखीच असते. काळी, भुसभुशीत, वास नसलेली. आमच्या चार गोण्यांसारखी.

कचऱ्यापासून बनवलेल्या खतासाठीही नियम आहे. त्यातला निदान ९० टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे. खत बारीक असावं म्हणून हा नियम. पण सूक्ष्म प्लास्टिक तर पाच मिलिमीटरपासूनच सुरू होतं. म्हणजे खत नियमाप्रमाणे चाळलं, तरी प्लास्टिकचं पीठ चाळणीतून खतासोबतच खाली येतं.

याचा अर्थ शहरातलं सगळं खत वाईट असा नाही. भाजीची देठं, उष्टं-खरकटं, पालापाचोळा पहिल्यापासून वेगळा ठेवून केलेलं खत सोन्यासारखं असतं. बिघडतं कुठे? सगळा कचरा एकत्र करून, कुजवून, नंतर चाळून केलेलं खत असेल तिथे. प्लास्टिक आधी वेगळं केलं की नंतर चाळलं, एवढाच प्रश्न विचारायचा.

आणि एवढी काळजी कशासाठी? कारण जमिनीत गेलेले कण वेचून काढता येत नाहीत. इटलीतल्या संशोधकांना बाळंतिणींच्या वारेत प्लास्टिकचे कण सापडले, ते २०२१ मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ते माणसाच्या रक्तात सापडल्याचं जाहीर झालं. शरीरात त्यांनी नेमकं काय होतं यावर जगभर अभ्यास चालू आहे. तुम्हाला घाबरवायचं नाही. पण आपल्या भाजीच्या वाफ्यात आपणच प्लास्टिक का मिसळावं, एवढंच म्हणायचंय.

खरी चाळण कोणती?

हे सगळं समजून घेतल्यावर आमच्या गटात एक गोष्ट पक्की झाली. पिशवी जोवर अख्खी आहे तोवर ती एका हाताने उचलता येते. तिचं पीठ झालं की तुरटी, जिवाणू, चाळण, आरओ, सगळं लावूनही ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. म्हणून प्लास्टिक काढायची खरी वेळ ते अख्खं असतानाच.

हे काम आजवर कुणी केलं? कचरा वेचणाऱ्या बायांनी. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास या कार्यक्रमातून या बायांना एकत्र केलं, त्यांचे गट बांधले, खतनिर्मितीचं शिक्षण दिलं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, तिच्या सभासद घरोघरी कचरा गोळा करतात. या बाया जी पिशवी उचलतात ती डोंगरात जात नाही. तिचं पीठ होत नाही. एवढं नेमकं काम कोणतंही यंत्र करत नाही. पण त्यांनी ते उचलावं म्हणून आपण ते वेगळं आणि अख्खं ठेवायला हवं.

आता दुधाच्या पिशवीचं बघा. ही पिशवी जाड असते, भंगारात तिला भाव मिळतो, म्हणून ती सहसा वाया जात नाही. पण आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो नखाएवढा त्रिकोण टाकून देतो. तो कुणीच उचलू शकत नाही. तो ओल्या कचऱ्यात जातो, मोरीत जातो, उकिरड्यात जातो. म्हणजे पीठ व्हायची वाटही आपण बघत नाही, पहिला तुकडा आपणच पाडून देतो. एका घरात रोज एक पिशवी धरली तर वर्षाला ३६५ कोपरे. दोनशे घरांच्या वस्तीत ७३ हजार कोपरे. उपाय फुकटचा आहे. कोपरा पूर्ण कापायचा नाही, थोडा जोडलेला ठेवायचा. मसाल्याची, शाम्पूची, तेलाची पुडी असली तरी तसंच.

तुमच्या गावासाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे डोंगर आहे? डोंगर नाही, पण गावाबाहेर ओढ्याच्या कडेला कचरा टाकायची जागा आहे ना? तिच्याही तळाला आवरण नाही. तिचंही पाणी पावसाळ्यात ओढ्यात आणि ओढ्यातून विहिरीकडे जातं. फरक एवढाच की ते अडवायला तिथे हौद नाही, तुरटी नाही, चाळण नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत या गोष्टी बोला.

उकिरड्यात प्लास्टिक जाऊ देऊ नका. शेणखत करताना गोण्यांचे धागे, सुतळ्या, पुड्या आधीच काढा. नंतर त्या खतासोबत शेतात पसरतात.

मल्चिंग पेपर ठिसूळ व्हायच्या आत, पीक निघाल्याबरोबर गुंडाळून काढा. नांगर फिरला की संपलं.

प्लास्टिक जाळू नका. विषारी धूर तर होतोच, आणि अर्धवट जळालेल्या गुठळ्या राखेबरोबर मातीत जातात.

स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचं एक केंद्र उभं करायची तरतूद केली होती, त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी ठेवला होता. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, आपल्या गावातलं प्लास्टिक तिथे कधी जाणार, हे ग्रामसभेत विचारा. गट म्हणून विचारलं की उत्तर लवकर मिळतं.

आणि बाहेरून खत घेणार असाल तर आधी ही परीक्षा करा. एक लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात मूठभर कोरडं खत टाकून चांगलं ढवळा आणि तासभर ठेवून द्या. मिठाच्या पाण्यात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतं, माती खाली बसते. वरचं सगळं पांढऱ्या सुती फडक्यावर ओता, वाळवा आणि उन्हात नीट बघा. काड्याही तरंगतात, त्यामुळे शंका आली तर सुई तापवून टोक लावा. काडी जळते. प्लास्टिक आकसतं, वितळतं. नाक लांब ठेवा. ते मिठाचं पाणी झाडाला घालू नका. वर काही आलं नाही तरी खत अगदी स्वच्छ आहे असं नाही, कारण पाण्याच्या बाटलीचं आणि पाइपचं प्लास्टिक जड असतं, ते मातीबरोबर बुडतं. पण वर खूप काही आलं, तर मात्र उत्तर मिळालं.

आमच्या ताईंच्या भावाने हेच केलं. ट्रॉली दारात उभी असताना बादली आणि मीठ घेऊन बसला. माणसं हसली. तासाभराने फडक्यावर रंगीत तुकडे आणि धागे आले, तेव्हा हसणारेही वाकून बघायला लागले. त्याने ट्रॉली परत पाठवली. आगाऊ दिलेले दोन हजार काही परत मिळाले नाहीत. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. आता त्या म्हणतात, दोन हजारांत रान वाचलं.

आमच्या कुंड्यांमधल्या मातीचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो, काही करता आलं नाही. कचऱ्यात टाकली तर ती परत त्याच डोंगरावर जाणार. खाडीकडे टाकली तर खाडीत जाणार. शेवटी गच्चीच्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी दोन पिंपांमध्ये भरून ठेवलीय, त्यात शोभेची झाडं लावलीत. नवीन बाई गटात आली की आम्ही तिला आधी ती पिंपं दाखवतो. मग तिच्या हातात कात्री आणि दुधाची पिशवी देतो आणि कोपरा कसा कापायचा ते शिकवतो.

तुमच्या गटात मिठाच्या पाण्याची परीक्षा केलीत, तर काय निघालं ते नक्की कळवा. पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचून दाखवू.

नमस्कार.